भगीरथाची उत्तरपत्रिका

रस्ता चुकला की लोक थांबतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतात. आमच्या घरात रस्ता चुकला की सगळे आधी माझ्याकडे बघतात. मी मागच्या सीटवर झोपलेलो असलो तरी माझ्याकडेच बघतात. याला कारण माझं डावं-उजवं. ते मला कळत नाही असं मी मुळीच म्हणणार नाही. कळतं, जरा उशिरा कळतं. कोणी 'डावीकडे वळा' म्हणालं की मी मनातल्या मनात एक सही करतो, पेन कोणत्या हातात आहे ते बघतो आणि मग दुसरा हात धरतो. तोवर वळण मागे गेलेलं असतं.

ही गोष्ट गावभर पसरवण्याचं श्रेय माझ्या सासऱ्यांना जातं. ते सासरे व्हायच्या आधी माझे इतिहासाचे सर होते, आणि खरं सांगायचं तर ते अजूनही सरच आहेत. जावई झालो म्हणून 'अरे-तुरे' सुटलं नाही, की त्यांच्यासमोर माझी पाठ आपोआप ताठ व्हायची थांबली नाही.

सरांचा हातखंडा विषय म्हणजे जुनी राजधानी. पाठ्यपुस्तकात तिच्यावर एक धडा होता, नकाशा मात्र नव्हता. पण सरांनी तरुणपणी कुठल्याशा ग्रंथालयात एका जाडजूड ग्रंथावर पातळ कागद ठेवून तो नकाशा गिरवून आणला होता, आणि सगळ्या रेषांवरून सुईने बारीक भोकं पाडली होती. वर्गात तो कागद फळ्यावर धरायचा आणि खडूच्या भुकटीची पुरचुंडी त्यावर थोपटायची. कागद उचलला की काळ्या फळ्यावर पांढऱ्या ठिपक्यांचं अख्खं शहर. मग सर ठिपके जोडत बोलायला लागायचे. ही नदी, शहराच्या पूर्वेला. हा राजवाडा, पश्चिमेला. ही टांकसाळ, इथे नाणी पडायची. मधे हा मनोरा. मागच्या बाकावरचे टगेसुद्धा तेव्हा गप्प असायचे. मी आयुष्यात पुष्कळ व्याख्यानं ऐकली, पण नुसत्या ठिपक्यांतून घोड्यांच्या टापा ऐकवणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही.

परीक्षेत हा नकाशा हमखास यायचा, पाच मार्कांना. मी मन लावून काढला. सरांनी वर्गासमोर माझा कागद उंच धरला आणि म्हणाले, "या विद्यार्थ्याने नदी उचलून शहराच्या दुसऱ्या बाजूला नेऊन ठेवली आहे. राजघराण्याला पिढ्यान्‌पिढ्या जे जमलं नाही, ते याने पेन्सिलीने केलं." पाचपैकी शून्य. त्या दिवसापासून मी भगीरथ झालो. पुढे त्यांच्याच मुलीशी लग्न केलं, तेव्हा मांडवात माझं खरं नाव ऐकून निम्म्या पाहुण्यांना नवरा बदलला की काय अशी शंका आली होती.

असं असूनही सरांनी ती राजधानी पाहिलेली नव्हती. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता राहून गेलं. गेल्या महिन्यात डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, "उजव्या डोळ्याची आशा सोडा. डावा आहे तोवर जे पाहायचं ते पाहून घ्या." घरी आल्यावर त्यांनी कपाटावरचं पत्र्याचं नळकांडं काढलं, त्यातला तो भोकाभोकांचा कागद उलगडला आणि बराच वेळ त्यावरून बोटं फिरवत बसले. आमची ही माझ्याकडे बघत म्हणाली, "रजा काढा."

रजा मिळवणं सोपं होतं. अवघड होतं ते समोरच्या बिऱ्हाडातल्या फिरस्त्यांना टाळणं. हे गृहस्थ निवृत्त झाल्यापासून सगळीकडे जाऊन आलेले आहेत आणि जाऊन आलो हे सांगायला परत परत येतात. त्यांनी सल्ला दिला की कुलूप स्वतःचं न्यावं, उशी स्वतःची न्यावी आणि तिथल्या वाटाड्यांपासून सावध राहावं, ते गोल गोल फिरवतात. कुलूप नेलं. उशी नेली. वाटाड्याचा प्रश्नच नव्हता, कारण सरांनी निघतानाच जाहीर केलं की शहरात कोणी फोन काढून नकाशा बघायचा नाही आणि छापील नकाशा विकत घ्यायचा नाही. "मी हे शहर शिकवलेलं आहे," ते म्हणाले.

पहिला अपमान लॉजवर झाला. सरांनी मला बजावलं होतं, पूर्वेकडची खोली माग, म्हणजे उठल्या उठल्या नदी दिसेल. मी फोनवर दोनदा 'पूर्व' म्हणालो होतो. खिडकी उघडली तर समोर पाण्याची टाकी आणि टाकीवर एक कावळा. सर टाकीकडे बघत राहिले. मग दोघांनी माझ्याकडे बघितलं.

"मी पूर्वच सांगितली होती," मी म्हणालो.

"तुझी पूर्व सांगितली असशील," सर म्हणाले.

मॅनेजरला साक्षीला बोलवावं असं मनात आलं, पण बायकोने डोळ्यांनीच दाबलं. जावयाची अब्रू ही प्रवासात सगळ्यात आधी मळणारी वस्तू आहे.

आभाळ भरून आलेलं होतं, सूर्याचा पत्ता नव्हता. आम्ही बाहेर पडलो. पुढे सर, एका हातात काठी, दुसऱ्या बगलेत नळकांडं. मागे आमची ही, पाण्याची बाटली घेऊन. सगळ्यात मागे मी, उशी सोडून उरलेलं सगळं सामान घेऊन. सर म्हणाले, आता डावीकडे, की थेट राजवाड्याचा महादरवाजा. आम्ही डावीकडे वळलो, दगडी पायऱ्या उतरलो आणि नदीवर पोचलो.

चांगली रुंद नदी होती. एक बाई चादरी धूत होती. सर काठीवर रेलून पाण्याकडे बघत उभे राहिले.

"नद्या पात्र बदलतात," शेवटी ते म्हणाले. "शे-दोनशे वर्षांत नदी कुठल्या कुठे सरकते."

माझ्या उत्तरपत्रिकेत सरकली तेव्हा शून्य, आणि यांच्यासमोर सरकली तर तो भूगोल. पण असो.

"मग टांकसाळ इथेच हवी," असं म्हणून सर एका बोळात शिरले. बोळाच्या शेवटी जुनं लाकडी दार होतं. सरांनी काठीने ते ढकललं आणि आत पाऊल टाकत आम्हाला सांगितलं, "इथे नाणी पडायची. आवाज कल्पनेने ऐका."

आत एक बाई दोरीवर कपडे वाळत घालत होती. तिने आमच्याकडे बघितलं, हातातला ओला शर्ट झटकला आणि शांतपणे विचारलं, "कोण हवंय?"

"टांकसाळ," सर म्हणाले.

"इथे आम्ही राहतो," ती म्हणाली.

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. आमची ही माफी मागायला पुढे सरसावली. पण त्या बाईने सरांच्या कपाळावरचा घाम बघितला आणि म्हणाली, "आजोबा, आधी बसा. पाणी देते." ती स्वयंपाकघरात गेली, आम्हालाही या म्हणाली, आणि तिथे तिने एक गंमत केली. ओट्याखालच्या फरशीत लोखंडी कडी होती. ती धरून तिने फरशी उचलली. खाली, हात घातला तर लागेल इतक्या अंतरावर, स्वच्छ पाणी वाहत होतं. अंधारातून येऊन अंधारात जात होतं, खळखळ आवाज करत. तिने तांब्या बुडवला आणि सरांच्या हातात दिला.

"ही पाण्याची वाट राजाने बांधलेली," ती म्हणाली. "सगळ्या गल्लीच्या घरांखालून जाते. आमच्याकडे अजून नळाचं पाणी कोणी पीत नाही."

"टिपा लिहा," सर पुटपुटले. "राजधानीचा पाणीपुरवठा. खापरी नळ, दगडी पाट, घरोघर तोंडं." जन्मभर त्यांनी ही टीप शिकवली होती आणि मी ती जन्मभर पाठ केली होती, पण ती पिता येते हे आम्हा दोघांना त्या क्षणी कळलं. पाणी थंडगार होतं. सर फरशीवर मांडी घालून बसले, त्या भोकात हात घातला आणि लहान मुलासारखे पाणी खेळवत राहिले. बाईंनी आम्हाला चहा केल्याशिवाय सोडलं नाही.

दुपारी नदीदरवाजा शोधायला निघालो आणि अर्थातच राजवाड्यावर पोचलो. तोही मागच्या बाजूने, जिथे प्रवासी येत नाहीत. तिथे मोठं अंगण होतं आणि दुरुस्तीचे दगड रचलेले होते. पाथरवट छिन्नी चालवत बसले होते. वरच्या मजल्याची एक नक्षीची जाळी फुटली होती, तिची नवी जोड घडवत होते. समोरून आत गेलो असतो, तर ती जाळी उंच भिंतीवर असती आणि सरांच्या एका डोळ्याला नुसता करडा डाग दिसला असता. इथे ती जमिनीवर आडवी पडलेली होती. मुकादम म्हणाला, "हात लावा की, बिघडत नाही." सरांनी तिच्यावरून हात फिरवला, एकेका पाकळीवरून, एकेका वेलीवरून. फुटलेली जुनी जाळी शेजारीच होती, तीही चाचपली. "फरक कळत नाही," ते म्हणाले. मुकादमाचा चेहरा खुलला. इतकं देखणं काम मी कुठे बघितलं नव्हतं, आणि ते बघताना सरांचा चेहरा जसा झाला होता, तसा तर कधीच नाही.

"शहर बदललंय," परत येताना सर म्हणाले, "पण उत्तम बदललंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं. मी चहा सांगायला खाली गेलो. आदल्या दिवशी मॅनेजरच्या पाठीमागे पडदा होता, आज तो बाजूला सारलेला होता. पडद्यामागे भिंतभर रंगीत फरशांचा नकाशा. नदी पश्चिमेला, राजवाडा पूर्वेला. मी बघतच राहिलो. वळण न्‌ वळण ओळखीचं होतं. ती माझी उत्तरपत्रिका होती.

मनातल्या मनात सही करून मी पुन्हा तपासलं. शंकाच नको. सरांनी फळ्यावर उमटवलेलं शहर उलटं होतं, आणि मी ते माझ्या सवयीप्रमाणे पुन्हा उलटं केलं होतं. अख्ख्या शाळेत राजधानीचा बरोबर नकाशा काढलेला एकच विद्यार्थी होता, आणि तो भगीरथ म्हणून बदनाम होता. मी चहा न सांगताच वर धावलो. बायकोला जिन्यात गाठलं, खाली आणून नकाशा दाखवला आणि छाती फुगवून उभा राहिलो.

तिने नकाशा बघितला. तिचा चेहरा उतरला.

"बाबांना एक अक्षर सांगायचं नाही," ती म्हणाली.

"अगं, पण शून्य..."

"तुमचं शून्य राहू दे. त्यांनी आयुष्यभर एकच गोष्ट शिकवली. ती चुकीची होती हे त्यांना या वयात सांगणार? तेही इथे आणून?" आणि मॅनेजरकडे वळून ती म्हणाली, "भाऊ, तो पडदा लावा जरा. ऊन लागतंय."

ऊन दुसऱ्याच बाजूला होतं, पण मॅनेजर बायकोवाला माणूस असावा. त्याने मुकाट्याने पडदा ओढला.

तर अशी माझ्यावर वेळ आली. हाती हुकमाचा एक्का आला आणि तो खिशातच ठेवायचा. एवढंच नाही, तर त्याची राखणही मलाच करायची. गावात चौकाचौकांत प्रवाशांसाठी नकाशाचे फलक होते. प्रत्येक फलक दिसला की मी पुढे पळायचो आणि त्याच्यासमोर पाठ लावून उभा राहायचो. एका फलकाजवळ एक जोडपं मला हटायला सांगत होतं, मी हटेना. त्यांनी मला वेडा ठरवला, आणि बायकोने त्यांच्याकडे बघून हळूच मान डोलावली.

सरांना मात्र मनोऱ्यावर जायचं होतं. मनोऱ्यावरून सगळं शहर दिसतं. तिथे उभं राहून पूर्वेला नदी बघायची, हे त्यांचं आयुष्यभराचं स्वप्न. आता सगळं उघडं पडणार होतं. पण देव दयाळू असतो. मनोऱ्याच्या दारावर पाटी होती : वृद्धांना कार्यालयाच्या परवानगीशिवाय प्रवेश नाही. मी म्हणालो, "सर, तुम्ही सावलीत बसा. मी आणतो परवानगी." आणि मी नकार आणायला गेलो.

कार्यालयात एक साहेब होते. समोरच्या गृहस्थांना ते सांगत होते की अर्ज इथे द्यायचा नाही, आणि जिथे द्यायचा तिथे आज कोणी नाही. मला धीर आला. हा माणूस आपल्या कामाचा होता. माझी पाळी आल्यावर मी खाली वाकून म्हणालो, "साहेब, माझ्या सासऱ्यांना मनोऱ्यावर जायचंय. कृपा करून नाही म्हणा."

साहेबांनी चष्मा काढला. "काय म्हणा?"

"नाही म्हणा. वय झालंय, डोळा अधू आहे, गुडघे दुखतात. नियमात बसत नाही. तेवढं कागदावर द्या."

साहेब खुर्चीत मागे रेलले. उभी हयात त्यांनी लोकांना स्वखुशीने नाही म्हटलं होतं. सांगितल्यावर नाही म्हणायचं, हे त्यांना जमण्यातलं नव्हतं. "म्हाताऱ्या माणसाला अडवता?" ते म्हणाले. "स्वतःच्या सासऱ्याला? लाज वाटत नाही?" त्यांनी शिक्का मारला, सही केली, वर शिपायाला हाक मारली. "आजोबांना हात धरून वर ने. आणि या गृहस्थांवर लक्ष ठेव."

शिपाई हात धरून नेत होता, सर दर वळणावर थांबून दम घेत होते आणि जिन्याच्या दगडांचं कौतुक करत होते. आम्ही दोघं मागे, फाशीच्या तख्ताकडे निघाल्यासारखे.

वर वारा होता. खाली शहर पसरलं होतं, आणि मी काय वर्णन करू? ठिपके जोडल्यासारखी घरं, घरांतून वळत गेलेल्या गल्ल्या, एका अंगाला राजवाड्याचे घुमट आणि दुसऱ्या अंगाला उन्हात चकाकणारी नदी. ती दिसायला डोळे धड असावे लागत नाहीत.

सरांनी कपाळावर हात धरून आधी नदीकडे बघितलं, मग राजवाड्याकडे.

"सकाळ आहे ना आत्ता?" त्यांनी विचारलं.

"हो, सर."

"म्हणजे सूर्य पूर्वेला."

"असतो. सहसा," मी म्हणालो.

त्यांनी नळकांड्यातून कागद काढला. समोर धरला. सूर्य राजवाड्यावर होता, आणि कागदाच्या भोकाभोकांतून उजेड येत होता. मग त्यांनी कागद सावकाश उलटा केला. ठिपक्यांची नदी खऱ्या नदीशी जाऊन मिळाली. शिपायालासुद्धा काहीतरी घडतंय हे कळलं असावं, कारण तो टोपी काढून उभा होता.

"सुई टोचली की मागून कागद खरखरीत होतो," सर हळू आवाजात म्हणाले. "खरखरीत बाजू फळ्याला लावली की भुकटी फिसकटायची. म्हणून गुळगुळीत बाजू लावली. पहिल्याच दिवशी. मग तशीच लावत आलो." ते कठड्याशी खाली बसले. "किती मुलं शिकून गेली रे."

आमची ही रडायला लागली. जे मनात होतं तेच मी बोललो. "सर, बरोबर नकाशा घेऊन आलो असतो तर महादरवाजातून आत जाऊन, रांगेत उभे राहून, फोटो काढून परत गेलो असतो. ते पाणी प्यायलो नसतो."

"माझी समजूत काढू नकोस," सर म्हणाले. "पाणी गोड होतं, ते वेगळं. चूक ती चूक." मग माझ्याकडे वळले. "तू सकाळपासून प्रत्येक फलकासमोर छाती काढून उभा होतास, ते यासाठी?"

मी कागद गुंडाळून नळकांड्यात घातला. त्यांनी काठी मागितली आणि उठले.

खाली उतरल्यावर त्यांनी विचारलं, "भगीरथ, पाथरवटांचं अंगण कुठे?" आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला रस्ता विचारला. मी सही केली, हात बघितला आणि चुकीच्या बाजूला घेऊन गेलो. पण कोणी काही बोललं नाही, आणि फिरून का होईना, आम्ही पोचलो.

सरांनी मुकादमाकडून खडू मागून घेतला. एक सपाट दगड उन्हात पडला होता, त्याच्यापुढे ते बसले आणि ठिपक्यांशिवाय राजधानी काढायला लागले. हात जुन्या सवयीने उजवीकडे ओढत होता. ते थांबायचे, नदी तळहाताने पुसायचे आणि पुन्हा डावीकडून सुरू करायचे. पाथरवटांच्या छिन्न्या एकेक करून थांबल्या. शेवटी नदी पश्चिमेला वाहायला लागली, राजवाडा पूर्वेला उभा राहिला, आणि सरांनी खडू माझ्यापुढे धरला.

"तपास," ते म्हणाले.

मी दगडावर कोपऱ्यात लिहिलं, पाचपैकी पाच. सरांनी मान हलवली आणि खडू परत घेतला.

"आता तुझा. मला तो परीक्षेचा कागद अजून आठवतो," ते म्हणाले, आणि माझ्या पाचाच्या खाली त्यांनी लिहिलं, पाचपैकी साडेचार.

"सर, अर्धा कशाचा कापला?"

"उत्तर बरोबर होतं," सर म्हणाले, "पण ते बरोबर आहे हे तुला कुठे ठाऊक होतं?"